प्रोबेशनची अट मोडली आणि वॉरंट आलं: कोर्टात काय होतं, आत जावं लागलं तर दिवस कसे जातात

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. धाकटा भाऊ, वय २४. गल्लीतल्या मारामारीत भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ खाली दोषी ठरला. मॅजिस्ट्रेटनी शिक्षा न देता दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, यालाच प्रोबेशन म्हणतात. मामा जामीनदार आहेत आणि महिन्यातून एकदा प्रोबेशन ऑफिसरकडे हजेरी लावायची होती. दहा महिने नीट गेले. मग चाकणला कंपनीत काम लागलं आणि पुढचे पाच महिने तो हजेरीला फिरकलाच नाही. मध्ये ऑफिसचं एक पत्र घरी आलं, ते आईने घाबरून देव्हाऱ्यामागे ठेवून दिलं. आता हवालदार वॉरंट घेऊन येऊन गेले. तो आत जाणार का, किती दिवस, आत कसं असतं, आणि प्रकरण थंड होईपर्यंत चाकणलाच राहिला तर चालेल का?

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. चालणार नाही. वॉरंट थंड होत नाही. ते बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत जिवंत असतं, मग त्याला सहा महिने होवोत की सहा वर्षं. पोलिसांनी चाकणच्या खोलीवरून उचलून आणलेला माणूस आणि स्वतःच्या पायाने कोर्टात उभा राहिलेला माणूस, या दोघांकडे मॅजिस्ट्रेट एकाच नजरेने बघत नाहीत. तुमच्या भावाच्या हातात आज सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

आता कायदा. अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८, म्हणजे प्रोबेशनचा कायदा, याच्या कलम ४ खाली सोडलं म्हणजे शिक्षा ‘स्थगित’ झाली असं बहुतेक घरांत समजतात. तसं नसतं. भाऊ दोषी ठरला आहे, पण त्याला शिक्षा अजून सुनावलेलीच नाही. कोर्टाने ती हातात राखून ठेवली आहे. म्हणून अट मोडल्याचं सिद्ध झालं की कोर्ट मूळ गुन्ह्यासाठी आता शिक्षा ठरवतं आणि ती किती असावी यावर तुमच्या वकिलाला बोलायला मिळतं. ३२४ ला जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नुसता दंडही होऊ शकतो. हे वकिलाने ठासून मांडायला हवं. बरेच जण अट का मोडली एवढ्यावरच बोलतात आणि शिक्षेच्या प्रमाणावर बोलायचं राहून जातं.

अट मोडल्यावर काय करायचं हे कलम ९ मध्ये आहे. प्रोबेशन ऑफिसरच्या अहवालावरून किंवा दुसऱ्या मार्गाने कोर्टाला कळलं की कोर्ट आरोपीविरुद्ध वॉरंट काढतं किंवा आरोपी आणि जामीनदार दोघांना समन्स पाठवतं. हजर झाल्यावर सुनावणी संपेपर्यंत कोर्ट त्याला कोठडीत ठेवू शकतं किंवा जामिनावर सोडू शकतं. सुनावणीनंतर अट मोडल्याची खात्री पटली तर दोन वाटा उरतात. एक, मूळ गुन्ह्याची शिक्षा. दुसरी वाट फक्त पहिल्याच चुकीला मिळते: बंधपत्र तसंच चालू ठेवून जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड. आकडा १९५८ चा आहे, आजही तेवढाच.

या पन्नास रुपयांकडे हलक्यात बघू नका. तो दंड कोर्टाने दिलेल्या मुदतीत भरला नाही, तर तेवढ्या कारणावरून मूळ शिक्षा देता येते. त्याच दिवशी नाझरकडे (कोर्टात पैसे भरून घेणारा कर्मचारी) भरा, पावती घ्या, पावतीची एक झेरॉक्स प्रोबेशन ऑफिसरकडे द्या. आणि दुसऱ्यांदा अट मोडली तर ही वाट बंद झालेली असते.

मामांचं काय? जामीनदाराला नोटीस निघू शकते आणि बंधपत्रात लिहिलेली रक्कम त्यांच्याकडून वसूल होऊ शकते. त्यांना अंधारात ठेवू नका. त्यांनीही त्याच दिवशी कोर्टात यावं.

या आठवड्यात काय करायचं ते सांगतो.

आधी वॉरंट कसलं आहे ते बघा. जामीनपात्र असेल तर त्यावर रक्कम आणि किती जामीनदार हे लिहिलेलं असतं, आणि तेवढी पूर्तता केली तर पोलीसच तारखेला हजर राहण्याच्या बंधपत्रावर सोडतात. अजामीनपात्र असेल तर कोर्टातूनच रद्द करून घ्यावं लागतं. ठाण्यातल्या समन्स-वॉरंट अंमलदाराला विचारलं तर कोर्टाचं नाव, केस नंबर आणि पुढची तारीख कळते.

मग भावाने प्रोबेशन ऑफिसरला भेटावं, कोर्टात जाण्याच्या एक-दोन दिवस आधी. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बालविकास खात्याचे असतात, पोलीस खात्याचे नव्हेत. देखरेख ठेवणं हे त्यांचं काम आहेच, पण सल्ला देणं, पाठीशी उभं राहणं आणि काम मिळवून द्यायला मदत करणं हीसुद्धा त्यांची कायद्याने नेमलेली कामं आहेत. त्यांच्यासमोर कारणांची माळ लावू नये. कागद ठेवावेत: कंपनीचं नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा किंवा बँकेच्या नोंदी, खोलीचा भाडेकरार, हजेरीचा उतारा. पाच महिने मुलगा गायब होता, आणि पाच महिने तो रोज पाळीवर जात होता, या दोन वाक्यांत फार अंतर आहे. अहवालात दुसरं वाक्य यायला हवं.

देव्हाऱ्यामागचं ते पत्रही पाकिटासकट सोबत न्या. आईचं साधं प्रतिज्ञापत्र करा की पत्र माझ्या हाती आलं, मी घाबरून ते मुलाला दाखवलं नाही. खरं आहे तेच लिहायचं. पत्र आलंच नाही असं कोर्टात सांगितलं आणि पोस्टाची पोच निघाली, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

कोर्टात जायचा दिवस नीट निवडा. सोमवार किंवा मंगळवार, सकाळी अकराच्या आत. शुक्रवारी दुपारी जाऊ नका. कोर्टाने कोठडीत पाठवलं तर वरच्या कोर्टात अर्ज करायला सोमवार उजाडतो, आणि ते दोन-तीन दिवस फुकट आत जातात. न्यायाधीश रजेवर आहेत का हे आदल्या दिवशी कारकुनाकडून कळतं. वकीलपत्र, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज आणि जामिनाचा अर्ज हे तिन्ही एकत्रच दाखल व्हावेत. जामीनदार जागेवर हवा: आधार, रेशन कार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, दोन फोटो. अहवालावरचं लेखी म्हणणं, ज्याला कोर्टात सगळे ‘से’ म्हणतात, ते तयार असेल तर उत्तम. नसेल तर त्यासाठी तारीख मागता येते.

जामिनावर एवढा जोर देण्यामागे आणखी एक कारण आहे. आरोपी जामिनावर असताना तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झाली, तर अपील दाखल करेपर्यंत ते शिक्षा देणारं कोर्टच त्याला जामिनावर ठेवू शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३०, पोटकलम ३, आधीच्या संहितेतलं ३८९. तो आधीच कोठडीत असेल तर हा आधार हातातून जातो आणि शिक्षा स्थगित करून घ्यायला सत्र न्यायालयात जावं लागतं. तोवर तो आतच. सत्र न्यायालयातल्या अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे.

चाकणची नोकरी वाचू शकते का, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं. वाचू शकते. अटी बदलण्याची तरतूद प्रोबेशन कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे, फक्त तो अर्ज प्रोबेशन ऑफिसरमार्फत जातो. वकिलाने परस्पर दिलेल्या अर्जावर गाडी अडते ती इथे. देखरेख पुणे जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याकडे द्यायची तर कलम १३ च्या दुसऱ्या पोटकलमात सोय आहे: आदेश देणारं कोर्ट किंवा भाऊ सध्या राहतो त्या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी दुसरा अधिकारी नेमू शकतात. हे काम नोकरी लागली त्याच आठवड्यात झालं असतं तर वॉरंटची वेळ आली नसती. अट मोडणारे बहुतेक तरुण गुन्हा करून मोडत नाहीत. पत्ता बदलतात, नंबर बदलतात आणि कुणाला सांगत नाहीत.

मधल्या काळात नवा गुन्हा दाखल झाला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. नुसती एफआयआर म्हणजे दोषी नव्हे, पण शांतता राखण्याची आणि चांगल्या वर्तणुकीची अट मोडली का, हा प्रश्न त्यावरून उभा राहतो. तसं काही असेल तर वकिलापासून लपवू नका.

आणखी एक नुकसान कुणी सांगत नाही. कलम १२ नुसार, प्रोबेशनवर सुटलेल्याला दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. पण नंतर मूळ गुन्ह्यासाठी शिक्षा झाली की हे संरक्षण संपतं. पुढे चारित्र्य पडताळणी किंवा सरकारी भरती आली की हा फरक टोचतो. (संरक्षण असतानाही दोष पुसला जात नाही, फक्त अपात्रता टळते. सरकारी नोकराला तेवढ्यावर नोकरी परत मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलेलं आहे.)

अनेक जण प्रोबेशन आणि पॅरोल एकच समजतात, म्हणून दोन ओळी. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा. या शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला मिळतात. त्यावरून वेळेत परतला नाही तर माफीचे, म्हणजे शिक्षेत मिळालेल्या सुटीचे, दिवस कापले जातात, पुढची रजा अडते आणि कोठडीतून पळाल्याचा वेगळा गुन्हा दाखल होतो. तुमच्या भावाला यातलं काही लागू नाही.

आता आत जावं लागलं तर.

कोर्टाने कोठडीचा आदेश दिला की पोलीस आधी वैद्यकीय तपासणीला नेतात. अंगावर मार असेल तर तिथेच डॉक्टरला सांगावं आणि कागदावर उतरवून घ्यावं. नंतर सांगितलेलं कुणी मानत नाही. तालुक्याला दुय्यम कारागृह असेल तर तिथे, नाहीतर सातारा जिल्हा कारागृहात. लांबची शिक्षा झाली तर कोल्हापूरचं कळंबा किंवा पुण्याचं येरवडा. गेटवर वॉरंटवरचं नाव, वडिलांचं नाव, अंगावरच्या खुणा तपासतात. फोटो, बोटांचे ठसे, वजन, अंगझडती होते. घड्याळ, साखळी, पैसे, पट्टा जमा होतो. जमा वस्तूंची यादी वाचूनच सही करावी, सुटताना तीच यादी काढतात. नातेवाइकांचे फोन नंबर तिथे विचारतात आणि बहुतेक मुलांना स्वतःच्या आईचाही नंबर पाठ नसतो. दोन नंबर आजच पाठ करायला लावा. चालू औषधं असतील तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत द्या. बाहेरून आणलेल्या गोळ्या आत जात नाहीत, पण चिठ्ठी पाहून तुरुंगाचे डॉक्टर तीच औषधं देऊ शकतात. औषध थांबलं तर वकिलामार्फत कोर्टाचा आदेश घ्यावा.

पहिली रात्र सगळ्यात जड जाते. बराकीत दोन्ही भिंतींना डोकी लावून ओळीने माणसं झोपलेली असतात. गर्दी असली की पाठीवर झोपायला जागा नसते, कुशीवर झोपायचं आणि वळायचं तर शेजाऱ्याने वळायला हवं. दिवा रात्रभर चालू असतो. संडास बराकीतच एका कोपऱ्यात, आणि नव्या माणसाच्या वाट्याला बहुधा त्याच्याजवळची जागा येते. आठवड्या-दोन आठवड्यांत कुणी सुटतं आणि जागा सरकत जाते. या गर्दीचं कारण शिक्षा झालेले कैदी नव्हेत. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू असलेली.

दिवस लवकर उजाडतो. सहाच्या सुमाराला बराक उघडते आणि मोजणी होते. आकडा जुळत नाही तोवर कुणी हलायचं नाही. मग नळावर धावपळ, कारण पाण्याची वेळ ठरलेली. चहा, पोहे किंवा उपमा. साडेदहा-अकराला जेवण: चपात्या, डाळ, भाजी, भात. दुपारी काही तास पुन्हा बंदी. संध्याकाळचं जेवण मात्र चार-पाचलाच हातात पडतं, कारण सूर्य मावळायच्या सुमाराला मोजणी करून बराक बंद करायची असते. म्हणून मुलं ताटावर ताट पालथं घालून, वर टॉवेल गुंडाळून ते आठपर्यंत राखून ठेवतात. डाळीवर साय धरलेली असते, चपाती चिवट झालेली असते. घरून लोणच्याची बरणी द्यावीशी वाटेल, पण बाहेरचं अन्न साधारण चालत नाही. लोणचं, फरसाण, बिस्किटं, साबण, पेस्ट आतल्या कँटीनमध्ये मिळतं.

त्यासाठी लागणारे पैसे मनीऑर्डरने पाठवायचे. त्यावर पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि बंदी क्रमांक, म्हणजे कैद्याला मिळालेला नंबर, हवा. क्रमांक चुकला की पैसे आठवडे लटकतात. महिन्याची मर्यादा ठरलेली असते, ती त्या कारागृहात विचारून घ्या. आत रोख रक्कम बाळगायची नसते. मोबाईल तर अजिबात नाही, सापडला तर नवा गुन्हा.

मुलाखतीला, म्हणजे त्याला आत भेटायला जाताना, आधार कार्ड आणि नात्याचा पुरावा लागतो. सकाळी लवकर नंबर लावावा. बहुतेक ठिकाणी मधे काच आणि कानाला फोन, वेळ वीस मिनिटांच्या आसपास. ई-मुलाकातीची ऑनलाइन नोंदणी होते, लांब राहणाऱ्यांना ती बरी पडते. रडण्यात वेळ जातो, साहजिक आहे, म्हणून विचारायच्या गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्या: पुढची तारीख, तब्येत, पैसे पोचले का, वकील येऊन गेला का.

आजारांत सगळ्यात जास्त त्रास खरजेचा. एकाला झाली की महिन्याभरात बराकभर. दुसऱ्याचं पांघरूण, टॉवेल वापरू नये. पावडरीने खरूज जात नाही, मलम सगळ्या अंगाला लावावं लागतं आणि कपडे उन्हात टाकावे लागतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून मागावी, गर्दीत क्षयरोग पसरतो. आणि पहिल्या आठवड्यात मुलगा जेवत नसेल, बोलत नसेल, मरणाची भाषा करत असेल तर तुरुंगाधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवा. संकोच नको.

कच्चे कैदी आपले कपडे घालतात. शिक्षा झालेल्यांना पांढरा पोशाख. सक्तमजुरी असेल तर काम करावंच लागतं आणि त्याची मजुरी खात्यात जमा होते. साध्या कैदेत काम मागून घेता येतं, आणि घ्यावं, कारण रिकामा दिवस माणसाला खातो. जातीवरून झाडू-संडासाची कामं वाटायला सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात मनाई केली आहे. असं काम कुणी लादलं तर अधीक्षकांकडे तक्रार करता येते.

एक सावधगिरी. ‘पोराला आत त्रास होईल, एवढे पाठवा’ असे फोन घरी येतात. पैसे पाठवू नका. एकदा पाठवले की दर आठवड्याला फोन येतो. नंबर आणि वेळ लिहून ठेवा, वकिलामार्फत अधीक्षकांना आणि कोर्टाला अर्ज द्या. आत भावाने कुणाकडून उसनं घेऊ नये, पत्त्यांना बसू नये, आणि आपली केस चारचौघांत सांगू नये. वाद टाळण्याचे हे तीन साधे मार्ग आहेत.

शिक्षा झालीच तर वॉरंटवर दोन गोष्टी तपासा. पूर्वी याच केसमध्ये अटकेत घालवलेले दिवस वजा करण्याचा उल्लेख, ज्याला सेट-ऑफ म्हणतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६८. तो लिहिलेला नसेल तर तुरुंगाचं कार्यालय दिवस धरत नाही, आणि वकिलाला पुन्हा कोर्टात जाऊन दुरुस्ती आणावी लागते. दुसरं, दंड आणि तो न भरल्यास वाढीव कैद किती. दंड बाहेरून नंतरही भरता येतो आणि तेवढी कैद कमी होते.

वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००. जामीन मंजूर होऊनही सुटका अडली, तर बहुधा जामीनदाराचे कागद किंवा वॉरंटवरच्या नावातली काना-मात्रा आडवी आलेली असते. जामिनाची प्रत संध्याकाळच्या बंदीआधी कारागृहात पोचायला हवी, उशीर झाला तर आणखी एक रात्र जाते. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा आदेश आहे. सहाव्या दिवशी तुम्ही स्वतः प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन केस नंबर आणि बंदी क्रमांक लिहून द्या, आणि त्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून घ्या.